खुब्याच्या सांध्याचें भाकीत

भविष्य जाणण्याची हौस मनुष्यास फार पुरातन काळापासून आहे. मूल जन्मास आलें कीं घटका-पळें मोजून त्याची पत्रिका करावयाची, आणि पुढें त्याच्या आयुष्यांत जें जें घडेल त्याचा मेळ त्या कागदाशीं घालीत बसावयाचें, ही आपल्या घरोघरची चाल आहे. आज मी ज्या भविष्याचा इतिहास सांगणार आहें तें कुत्र्याच्या पिलाचें आहे, आणि तें वर्तविण्याचें काम क्ष-किरणांनीं काढलेल्या छायाचित्राकडे आहे. चार महिन्यांचें पिलूं अंगणांत बागडत आहे. त्यास कोठें दुखत नाहीं, तें लंगडत नाहीं, हांक मारतांच धांवत येतें. अशा वेळीं त्याच्या खुब्याचें चित्र पाहून, हें जनावर सहाव्या-सातव्या वर्षीं जिना चढतांना मध्येंच थांबेल कीं नाहीं, हें सांगतां येईल काय? प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटतो. परंतु त्याच्या उत्तरासाठीं तीन-चार देशांतील पशुवैद्यांनीं सुमारें नव्वद वर्षें खर्चीं घातलीं आहेत, आणि त्या उत्तरावर आंधळ्या माणसास वाट दाखविणाऱ्या कुत्र्यांपासून पहाऱ्यावरील कुत्र्यांपर्यंत हजारों प्राण्यांचें सुखदुःख अवलंबून राहिलें आहे.

प्रथम हा सांधा कसा असतो तें पाहूं. खुब्याचा सांधा हा उखळीचा सांधा होय. कमरेच्या हाडांत वाटीसारखी एक खोलगट जागा असते. मांडीच्या हाडाचें वरचें टोंक चेंडूसारखें गोल असून तें या वाटींत बसतें. दोहोंस बांधून ठेवणारा एक बळकट बंध आंत असतो, भोंवतीं पिशवीसारखें एक आवरण असतें, आणि बाहेरून मांसल स्नायूंचा आधार असतो. चेंडू वाटींत नीट बसलेला असला म्हणजे शरीराचा भार विस्तृत पृष्ठभागावर सारखा वांटला जातो. तो सैल असला म्हणजे पावलागणिक थोडासा बाहेर सरकतो आणि वाटीच्या कांठावर आदळतो. पिलाचीं हाडें कोंवळीं असतात. कुंभाराच्या चाकावरील ओल्या मातीप्रमाणें त्यांस दाब पडेल तसा आकार येतो. कांठ दबतो, वाटी उथळ होते, चेंडूचा गोलावा जाऊन तो चपटा होतो, वरील गुळगुळीत कूर्चा खरवडली जाते. मग शरीर आपल्या परीनें डागडुजी करूं पाहतें आणि सांध्याभोंवतीं नवें हाड रचूं लागतें. त्यामुळें सांधा ताठरतो व दुखूं लागतो. हा संधिवात होय. या सर्व विकारास इंग्रजींत हिप डिस्प्लाझिया म्हणतात. आपण त्यास खुब्याची सदोष घडण म्हणूं.

या विकाराच्या दोन गोष्टी आरंभींच ध्यानांत ठेविल्या पाहिजेत, कारण पुढील सर्व इतिहास त्यांभोंवतीं फिरतो. पहिली ही कीं, पिलूं जन्मतें तेव्हां त्याचा खुबा निर्दोष असतो. पेनसिल्व्हानिया विद्यापीठांत वेन रायझर या संशोधकानें जर्मन शेफर्ड जातीच्या पिलांचे सांधे जन्मापासून पुढें टप्प्याटप्प्यानें तपासून ही गोष्ट दाखवून दिली. दोष आईच्या पोटांतून तयार होऊन येत नाहीं. येते ती दोषाकडे असलेली प्रवृत्ति, आणि पहिल्या कांहीं महिन्यांच्या वाढींत तिला आकार येतो. दुसरी गोष्ट ही कीं, दुखणें बहुधा दोन वेळां डोकें वर काढतें. पांच महिन्यांपासून वर्षापर्यंत कांहीं पिलें लंगडतात, सशासारखीं मागचे दोन्ही पाय जोडून उड्या घेतात, बसलेलीं उठावयास कुरकुरतात. मग हाडें पक्कीं झालीं, सांध्याभोंवतालचें आवरण जाड झालें, कीं तें दुखणें पुष्कळदां शमतें आणि मालकास हायसें वाटतें. वास्तविक तो मधला विसांवा असतो. उतारवयांत संधिवात होऊन तेंच दुखणें परत येतें.

हा विकार मुख्यतः थोराड जातींचा आहे. सेंट बर्नार्ड, रॉटवायलर, लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, आणि आपण ज्यास अल्सेशियन म्हणतों तो जर्मन शेफर्ड, या जाती त्यास विशेषेंकरून बळी पडतात. उलट शर्यतीसाठीं जोपासलेल्या सडपातळ ग्रेहाउंड जातींत तो जवळजवळ आढळतच नाहीं. त्याच्या कमरेभोंवतीं भरपूर मांस आणि अंगावर चरबी अल्प. निसर्गानें घडविलेल्या लांडग्याकोल्ह्यांच्या देहापासून मनुष्यानें आपल्या आवडीनिवडीप्रमाणें जसजशीं अवजड कुत्रीं पैदा केलीं, तसतसा हा दोष त्यांच्या वंशांत रुजत गेला, असें मानण्यास बळकट आधार आहे.

आतां क्ष-किरणांकडे वळूं. ८ नोव्हेंबर १८९५ रोजीं जर्मनींतील वुर्झबर्ग येथें विल्हेल्म कोनराड राँटगेन या प्राध्यापकास आपल्या अंधाऱ्या प्रयोगशाळेंत एका अज्ञात किरणाचा शोध लागला. अज्ञात म्हणून त्यानें त्यास गणितांतील अव्यक्त राशीचें नांव दिलें. आपण मराठींत क्ष म्हणतों. त्याच वर्षीं डिसेंबरांत त्यानें आपल्या पत्नीच्या हाताचें चित्र घेतलें. त्यांत बोटांचीं हाडें आणि अंगठी स्पष्ट दिसत होती. १९०१ सालीं पदार्थविज्ञानाचें पहिलें नोबेल पारितोषिक त्यास मिळालें. आपला शोध सर्व जगाचा असावा म्हणून त्यानें त्याचें पेटंट घेतलें नाहीं. या उदारपणामुळें मनुष्याच्या पाठोपाठ मुक्या जनावरांसहि त्या विद्येचा लाभ लौकर मिळाला.

परंतु क्ष-किरणांची एक मर्यादा आहे, आणि आपल्या कथेचें मर्म तींतच आहे. हे किरण हाडाची छाया उत्तम पाडतात. बंध, आवरण, स्नायु यांची छाया त्यांस नीट पाडतां येत नाहीं. हाड बिघडलें म्हणजे तें चित्रांत दिसतें. खुब्याच्या दोषाचा आरंभ मात्र हाडांत होत नाहीं. तो होतो सांध्याच्या सैलपणांत. म्हणजे रोगाचें बीज मऊ भागांत, आणि आपला दिवा केवळ कठीण भाग दाखविणारा! हें कोडें सुटावयास बरींच वर्षें जावीं लागलीं.

कुत्र्यांतील या विकाराचें पहिलें वर्णन अमेरिकेंत झालें. बॉस्टन येथील एंजल मेमोरिअल या प्रसिद्ध पशुरुग्णालयांतील डॉ. जेरी श्नेल यांनीं १९३५ च्या सुमारास, दोन्ही खुबे अर्धवट निखळलेल्या कुत्र्याची हकीकत क्ष-किरणचित्रांच्या आधारें प्रसिद्ध केली. त्या काळीं ही गोष्ट विरळा समजली गेली. मनुष्याच्या बालकांत खुबा निखळण्याचा विकार वैद्यांस पूर्वीपासून ठाऊक होताच. तसलेंच कांहीं कुत्र्यांतहि होतें, एवढीच ती नवलाई. पुढें दुसरें महायुद्ध आलें व गेलें, आणि पशुरुग्णालयांत क्ष-किरणयंत्रें सर्रास बसूं लागलीं, तेव्हां कळून आलें कीं ज्यास आपण विरळा म्हणत होतों तो विकार थोराड कुत्र्यांत घरोघर आहे. दिवा लागला म्हणजे खोलींतील केर दिसतो, तसा हा प्रकार झाला.

जर्मन शेफर्ड जातीचें उदाहरण या ठिकाणीं बोलकें आहे. १८९९ सालीं माक्स फॉन स्टेफानिट्झ या घोडदळांतील अधिकाऱ्यानें होरांड नांवाचा एक धनगरी कुत्रा विकत घेतला, त्याची प्रथम क्रमांकाची नोंद केली आणि त्या जातीची संस्था स्थापिली. मेंढ्यांच्या कळपामागें दिवसभर धांवणारें तें जनावर होतें. पुढें दोन महायुद्धांत लष्करानें आणि मग जगभरच्या पोलीसखात्यांनीं त्यास कामावर लाविलें. मागणी वाढली तशी पैदासहि वाढली. पैदास करणारा मालक कान, रंग, चाल, धीटपणा हें सर्व डोळ्यांनीं पाहूं शकत होता. खुबा मात्र त्यास दिसत नव्हता. जें दिसत नाहीं त्याची निवड करतां येत नाहीं. एका नामांकित नराच्या अंगीं हा दोष असला, तर त्याची ख्यातीच त्या दोषाचा प्रसार करीत होती.

या अंधारांत पद्धतशीर प्रकाश पाडण्याचें श्रेय मुख्यत्वें स्वीडन देशाकडे जातें. १९५० नंतरच्या दशकांत तेथील स्टेन-एरिक ओल्सन व त्यांचे सहकारी यांनीं या विकाराचा कसून अभ्यास आरंभिला आणि कुत्र्यांच्या खुब्यांची चित्रें घेऊन त्यांची नोंद ठेवण्याची पद्धत तेथें रूढ झाली. तपासणीची रीत अशी: कुत्र्यास गुंगीचें औषध देऊन उताणें निजवावयाचें, मागचे दोन्ही पाय सरळ मागें ताणून समांतर धरावयाचे, गुडघे किंचित् आंत वळवावयाचे, आणि वरून चित्र घ्यावयाचें. या चित्रावरून मोजमाप करण्याची एक सोपी युक्ति इव्हार नॉर्बर्ग यांच्या नांवानें प्रसिद्ध आहे. दोन्ही चेंडूंचे मध्यबिंदु एका रेषेनें जोडावयाचे. मग मध्यबिंदूपासून वाटीच्या पुढील कांठापर्यंत दुसरी रेषा काढावयाची. या दोन रेषांमधील कोन १०५ अंश किंवा अधिक भरला तर खुबा ठीक. त्याहून जितका कमी तितका चेंडू वाटीबाहेर. शाळेंतील कंपासपेटींतला कोनमापक येथें रोगनिदानाचें साधन झाला! १९६६ सालीं हेन्रिक्सन, नॉर्बर्ग व ओल्सन यांनीं या विकाराच्या कारणांचा एकत्र आढावा घेतला, आणि हा दोष वंशपरंपरेनें उतरतो, ही गोष्ट विचारवंतांत मान्य झाली. तो एकाच बीजगुणाचा खेळ नसून अनेक बीजगुणांचा आहे. म्हणूनच आईबाप दोघेहि निर्दोष असले तरी एखादें पिलूं सदोष निघतें, आणि उलटहि घडतें. मात्र एकंदरींत निर्दोष जोडप्यांच्या पोटीं दोषाचें प्रमाण कमी असतें.

अमेरिकेंत या कार्यास चालना मिळाली ती एका धनिक शिकाऱ्यामुळें. जॉन ओलिन हे बंदुका व काडतुसें तयार करणाऱ्या मोठ्या उद्योगाचे धनी. त्यांच्या कुत्र्यांच्या जोपासनागृहाचें नांव निलो. म्हणजे ओलिन हेंच नांव उलट क्रमानें लिहिलेलें. त्यांच्या किंग बक नांवाच्या काळ्या लॅब्रॅडॉरनें १९५२ व १९५३ अशीं लागोपाठ दोन वर्षें राष्ट्रीय स्पर्धा जिंकली, आणि १९५९ सालीं पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठीं लागणाऱ्या सरकारी तिकिटावर त्याचें चित्र छापलें गेलें. त्या तिकिटावर कुत्र्यास मिळालेला तो पहिलाच मान. अशा निवडक कुत्र्यांच्या गोतावळ्यांतहि हा विकार शिरलेला पाहून ओलिन अस्वस्थ झाले. गोल्डन रिट्रीव्हर व जर्मन शेफर्ड या जातींच्या संघांशीं त्यांनीं विचारविनिमय केला, आणि १९६६ सालीं प्राण्यांच्या अस्थिविकारांसाठीं एक संस्था स्थापन झाली. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ती ओ. एफ. ए. म्हणून ओळखली जाते. मालकानें आपल्या कुत्र्याचें चित्र संस्थेकडे पाठवावयाचें. तीन तज्ज्ञांनीं तें परस्परांशीं न बोलतां तपासावयाचें. मग उत्कृष्ट, चांगला, बरा, सीमेवरील, आणि सौम्य, मध्यम व तीव्र दोषयुक्त, अशा सात श्रेणींपैकीं एक द्यावयाची. ब्रिटनमध्यें पशुवैद्यांची संघटना व केनेल क्लब यांनीं मिळून गुणांची पद्धत स्वीकारली. तेथें प्रत्येक खुब्याच्या नऊ अंगांची परीक्षा होते, दोन्ही खुबे मिळून शून्यापासून १०६ पर्यंत गुण देतात, आणि जितके गुण कमी तितका खुबा चांगला. परीक्षेंत शून्य मिळविणारा पहिला यावा, ही नवलाई आमच्या विद्यार्थ्यांस फार रुचली असती! युरोपखंडांत अ पासून इ पर्यंत म्हणावें तशा, रोमन लिपीच्या पहिल्या पांच अक्षरांच्या श्रेणी चालतात.

इतकें झालें तरी एक मोठी अडचण राहिली, ती वेळेची. ओ. एफ. ए. चें कायमचें प्रमाणपत्र कुत्रा २४ महिन्यांचा झाल्यावांचून मिळत नाहीं. ब्रिटनमध्येंहि निदान वर्ष पुरें व्हावें लागतें. हा नियम लहरीचा नाहीं. हाडांत बदल दिसूं लागण्यास तेवढा काळ जावा लागतो, आणि लहानपणीं निर्दोष दिसलेला खुबा पुढें सदोष ठरल्याचीं उदाहरणें पुष्कळ आहेत. पण दोन वर्षांत कुत्र्याच्या आयुष्यांत काय काय घडून जातें याचा विचार करा. तोंवर तो घरचा झालेला असतो. मुलांनीं त्यास आपला भाऊ मानलेला असतो. वाटाड्या कुत्रा असला तर त्याच्या शिक्षणावर मोठा खर्च होऊन चुकलेला असतो. पैदाशीचा असला तर कदाचित् त्यास पिलेंहि झालेलीं असतात. आणि मुख्य म्हणजे, वाढीचे जे पहिले महिने हातीं धरून कांहीं उपाय करतां आला असता, ते निघून गेलेले असतात. उशिरानें मिळालेलें ज्ञान पैदाशीची वही सुधारण्यास उपयोगी. त्या एका जनावरास त्याचा उपयोग थोडाच.

म्हणून लवकर निदानाचे प्रयत्न सुरू झाले. इटलींत फेरारा येथील बालवैद्य मारिनो ओर्तोलानी यांनीं १९३७ सालीं नवजात बालकाच्या मांड्या विशिष्ट रीतीनें फांकविल्या असतां सैल खुबा खट्कन् जागेवर बसतो, ही खूण प्रसिद्ध केली होती. तीच रीत पशुवैद्यांनीं पिलांवर अजमाविली. १९६८ च्या सुमारास अमेरिकेंत बार्डेन्स यांनीं आठ-नऊ आठवड्यांच्या पिलांचे खुबे हातानें चांचपून सैलपणा ओळखण्याची पद्धत पुढें मांडली. कल्पना योग्य होती. कारण तिनें हाडाऐवजीं सैलपणाकडे बोट दाखविलें. परंतु हाताची परीक्षा हाताबरोबरच राहते. एकाच्या बोटांस जें जाणवतें तें दुसऱ्याच्या बोटांस जाणवेलच असें नाहीं, आणि बोटांस जाणवलेलें वहींत आंकड्यांनीं मांडतां येत नाहीं.

हा गुंता सोडविला तो पेनसिल्व्हानिया विद्यापीठांतील डॉ. गेल स्मिथ यांनीं. पशुवैद्यकाबरोबर यंत्रशास्त्राच्या दृष्टीनें सांध्याकडे पाहण्याची त्यांस संवय होती. १९८३ च्या सुमारास त्यांनीं संशोधनास आरंभ केला, आणि पहिलाच प्रश्न असा विचारला कीं, जुन्या पद्धतीच्या चित्रांत सैलपणा दिसत कां नाहीं? उत्तर त्या पद्धतींतच दडलेलें होतें. श्रोते हो, ओला पंचा दोन्ही हातांनीं पिळला म्हणजे काय होतें तें आठवा. पिळ बसतांच पंचा आंखडतो आणि घट्ट होतो. कुत्र्याचा पाय मागें ताणून आंत वळविला म्हणजे सांध्याभोंवतालच्या पिशवीस तसाच पिळ बसतो, आणि तिनें चेंडू आपोआप वाटींत दाबला जातो. म्हणजे जो सैलपणा पाहावयाचा, तोच पाहण्याच्या आसनानें झांकून टाकिला होता! वर्षानुवर्षें सर्व तज्ज्ञ अत्यंत काळजीपूर्वक जें चित्र घेत होते, तें रोगाचें बीज लपविणारें होतें.

स्मिथ यांनीं आसन बदललें. पिलास चांगली गुंगी देऊन स्नायु शिथिल करावयाचे, आणि पाय ताणून न धरतां, उभें असतांना जसे असतात त्या स्वाभाविक स्थितींत ठेवावयाचे. मग दोन चित्रें घ्यावयाचीं. पहिल्यांत चेंडू वाटींत हलकेच दाबावयाचा. दुसऱ्यांत दोन मांड्यांमध्यें एक विशेष साधन ठेवून, त्याच्या टेकूवर मांड्यांस सौम्य दाब द्यावयाचा, म्हणजे चेंडू जेवढे बाहेर येऊं शकतात तेवढे येतात. पहिल्या चित्रांतील चेंडूचा मध्यबिंदु वाटीच्या मध्यबिंदूशीं मिळतो; दुसऱ्यांत तो दूर सरकतो. हें सरकण्याचें अंतर भागिलें चेंडूची त्रिज्या, हा झाला त्या खुब्याचा सैलपणाचा अंक. समजा, चेंडूची त्रिज्या १० मिलिमीटर आहे आणि तो ३ मिलिमीटर सरकला. तर अंक आला ०.३. शून्य म्हणजे सांधा मुळींच सैल नाहीं. एकाजवळ म्हणजे चेंडू जवळजवळ सुटा. भागाकार केल्यामुळें लहान पिलूं आणि मोठें कुत्रें, टेरिअर आणि सेंट बर्नार्ड, सर्वांस एकच माप लागूं पडतें. इयत्ता चौथीच्या गणितानें सुटणारा हा हिशेब आहे. बुद्धि लागली ती काय मोजावें हें ठरविण्यास.

१९९० सालीं स्मिथ, बियरी व ग्रेगॉर यांनीं ही पद्धत प्रसिद्ध केली, आणि १९९३ पासून ती पेनहिप या नांवानें पशुवैद्यांस शिकविली जाऊं लागली. सोळा आठवड्यांच्या पिलावर ती वापरतां येते. अनुभवानें असें दिसून आलें कीं, ज्या कुत्र्याचा अंक ०.३ किंवा त्याहून कमी असतो त्यास पुढें खुब्याचा संधिवात होण्याचा संभव फारच अल्प असतो. अंक वाढतो तसतसा तो संभव वाढत जातो. ज्यानें हें शिक्षण घेतलें व परीक्षा दिली त्याच पशुवैद्यास हीं चित्रें काढण्याची मुभा असते, आणि काढलेलें प्रत्येक चित्र, चांगलें असो वा वाईट, केंद्राकडे पाठविण्याचें बंधन असतें. हा शेवटचा नियम फार मोलाचा आहे. चित्र पाठविणें जेथें मालकाच्या खुषीवर असतें, तेथें मनुष्यस्वभावाप्रमाणें चांगलीं चित्रें टपालांत पडतात आणि वाईट चित्रें टेबलाच्या खणांत राहतात. मग नोंदवहींत सगळी जात असावी त्याहून सुदृढ दिसूं लागते. निकालाच्या वेळीं नापास मुलांचीं नांवें गाळून शाळेचा निकाल लाविला तर तो किती उत्तम दिसेल, याची कल्पना शिक्षकी पेशांतील माणसास सहज करतां येते.

येथवर आलों म्हणजे वाटूं लागतें कीं भाकीत सिद्ध झालें. पण मौज पुढेंच आहे. एकाच अंकाचे दोन कुत्रे घेतले, त्यांत एक जर्मन शेफर्ड व दुसरा रॉटवायलर असला, तर जर्मन शेफर्डास संधिवात होण्याचा संभव अधिक, असें १९९० नंतरच्या दशकांतील अभ्यासांत आढळून आलें. म्हणजे सैलपणा हाच सर्वस्वी निकाल नव्हे. त्याच सुमारास आणखी एक प्रयोग चालू होता, आणि माझ्या मतें या सर्व इतिहासांतील तो सर्वांत उद्बोधक होय.

पशुखाद्य तयार करणाऱ्या प्युरिना या कंपनीच्या संशोधकांनीं १९८७ सालीं ४८ लॅब्रॅडॉर पिलें घेतलीं. एकाच वेतांतील दोन-दोन पिलांच्या २४ जोड्या केल्या. जोडींतील एकास एका प्रमाणांत अन्न द्यावयाचें आणि दुसऱ्यास त्याच अन्नाचा पाऊण वांटा, एवढाच भेद. बाकी जागा, निगा सर्व सारखें. दोन वर्षांचीं झाल्यावर त्यांचे खुबे जुन्या पद्धतीनें तपासले. भरपूर खाणाऱ्या २४ पैकीं १६ जणांचे खुबे सदोष ठरले. पाऊण वांट्यावर वाढलेल्या २४ पैकीं केवळ ७ जणांचे. संशोधकांनीं तीं कुत्रीं मरेपर्यंत त्यांची नोंद ठेविली. खुब्याच्या संधिवाताचें मध्यगत वय पहिल्या गटांत ६ वर्षें, दुसऱ्या गटांत १२ वर्षें भरलें. आयुर्मर्यादाहि पहिल्याची मध्यगत ११.२ वर्षें आणि दुसऱ्याची १३ वर्षें निघाली. भावंडें तींच, रक्त तेंच, फरक ताटांतला. वंशानें दिलेलें ऋण खरें, परंतु त्याची वसुली कधीं होणार हें पुष्कळ अंशीं मालकाच्या हातांतील वाडग्यावर ठरतें, असा याचा अर्थ आहे.

आपल्या शहरांतून अल्सेशियन व लॅब्रॅडॉर पाळण्याची हौस बरीच आहे, म्हणून येथें दोन शब्द बोलणें अस्थानीं होणार नाहीं. पिलूं गुबगुबीत दिसावें, आल्यागेल्यानें त्याचें कौतुक करावें, म्हणून त्यास सारखें भरविणाऱ्या घरच्या मंडळींचा हेतु प्रेमाचाच असतो. थोराड जातीच्या पिलास हाडें बळकट व्हावींत म्हणून कॅल्शियमची औषधें जास्त पाजणारेहि पुष्कळ भेटतात. संतुलित आहार मिळणाऱ्या अशा पिलास ज्यादा कॅल्शियम हितकर नसून त्यानें हाडांच्या वाढींत बिघाड होतो, हें प्रयोगांनीं सिद्ध झालेलें आहे. बरगड्या हातास सहज लागाव्या इतपत पिलूं सडसडीत असणें हेंच त्याच्या खुब्यास हितावह.

येथें मनुष्याच्या बालकांविषयींहि एक गोष्ट सांगितली पाहिजे. जपानमध्यें पूर्वीं तान्ह्या मुलाचे पाय सरळ करून लपेटण्याची चाल होती, आणि खुबा निखळलेलीं मुलें तेथें बरीच आढळत. १९७५ च्या सुमारास मुलांचे पाय मोकळे ठेवावे अशी मोहीम तेथें काढण्यांत आली, आणि त्या विकाराचें प्रमाण झपाट्यानें उतरलें. आपल्याकडील आई मूल कडेवर घेते, तेव्हां त्याच्या मांड्या तिच्या कमरेभोंवतीं फांकलेल्या असतात आणि चेंडू वाटींत नीट बसतो. पाय सरळ ताणणें खुब्यास मानवत नाहीं, ही गोष्ट आमच्या आज्यांनीं शास्त्र न वाचतां पाळली होती.

आतां या ज्ञानाचें फळ काय मिळालें तें पाहूं. अमेरिकेंत न्यू जर्सींतील मॉरिसटाउन येथें आंधळ्यांसाठीं वाटाडे कुत्रे तयार करणारी, १९२९ सालीं स्थापन झालेली सीइंग आय नांवाची संस्था आहे. तिनें आपल्या पैदाशींत केवळ कुत्र्याचा स्वतःचा खुबा न पाहतां त्याच्या आईबापांचे, भावंडांचे व पिलांचेहि खुबे हिशेबांत धरून निवड केली. १९९७ सालीं प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार, पांचांहून कमी पिढ्यांत सदोष खुब्यांचें प्रमाण जर्मन शेफर्डमध्यें शेंकडा ५५ वरून २४ वर आणि लॅब्रॅडॉरमध्यें शेंकडा ३० वरून १० वर आलें. दृष्टिहीन मनुष्य ज्याच्या पावलांवर विश्वास ठेवून रस्ता ओलांडतो, त्या प्राण्याच्या पावलांत वेदना नसावी, यासाठीं झालेला हा हिशेब आहे.

लवकर निदान झालेल्या पिलासहि आज उपाय आहेत. साडेतीन ते पांच महिन्यांच्या दरम्यान ओटीपोटाखालील हाडाच्या सांध्याची वाढ थांबविणारी एक लहानशी शस्त्रक्रिया करतां येते. तिच्या योगें पुढील वाढींत वाटी चेंडूवर अधिक झांकली जाते. वय याहून वाढलें म्हणजे तिचा उपयोग होत नाहीं. चौथ्या महिन्यांतील चित्राचें महत्त्व यावरून कळून येईल. पुढील वयांत कमरेचें हाड कापून वाटीचा कल बदलण्याची, आणि अखेरीस संपूर्ण कृत्रिम खुबा बसविण्याचीहि सोय आहे. शस्त्रक्रियेवांचूनहि वजनावर ताबा, नियमित चालणें, पोहणें एवढ्यावर पुष्कळ कुत्रे सुखानें दिवस काढतात.

आणि म्हणूनच, पिलाचा अंक वाईट आला एवढ्यावरून त्यास टाकून देण्याचा मोह ज्यास होईल, त्यास दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. चित्र आणि वेदना यांचा जोड नेहमींच जुळतो असें नाहीं. चित्रांत अत्यंत वाईट दिसणारे खुबे घेऊन आनंदानें हिंडणारीं कुत्रीं पशुवैद्यांस नित्य भेटतात. शिवाय अंकानें सांगितलेला असतो तो संभव. घडणारी घटना नव्हे. उतारावर ठेविलेला गोटा खालीं येण्याचा संभव असतो. पण उतार किती आहे हें आधीं कळलें तर त्याखालीं टेकण देतां येतें. असल्या पिलाची पैदास मात्र करूं नये, हें उघड आहे. स्वतःच्या घरीं प्रेमानें वाढविण्यास तें अपात्र कां ठरावें?

जुन्या पत्रिकेंत आणि या नव्या पत्रिकेंत मला जो भेद दिसतो तो हाच. साडेसाती लिहिलेली पत्रिका हातीं पडली कीं मनुष्य कपाळावर हात मारून बसतो. पिलाच्या खुब्याचें चित्र हातीं पडलें कीं मालकास उद्यांपासून काय करावयाचें याची यादी मिळते: अन्न मोजून घालणें, वजन वाढूं न देणें, वेळेवर वैद्यास विचारणें, आणि पैदाशीच्या वहींत खरें तेंच लिहिणें. राँटगेनच्या अंधाऱ्या खोलींतून निघालेला किरण बॉस्टन, स्टॉकहोम, मिसूरी, फिलाडेल्फिया अशी वाट चालत शेवटीं एका मुक्या पिलाच्या कमरेपर्यंत पोंचला. त्यानें दाखविलेलें पाहून पुढचें पाऊल टाकणें हें आपल्याकडे आहे.